खलनायकाची पावले

वाचकाचा प्रश्न

पुण्यातील एका ३१ वर्षांच्या वाचकाचे पत्र आले आहे. गेले १४ महिने ते दर दुसऱ्या शनिवारी आपल्या घरी पाच मित्रमैत्रिणींसाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे एक कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत (सेशनमध्ये) चालणारी सलग कथा, चालवत आहेत. या खेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, आणि कथा सांगणारे आणि जग सांभाळणारे डंजन मास्टर, म्हणजे डीएम, ते स्वतः आहेत. त्यांचा खलनायक अस्थिराज हा मेलेल्यांना उठवून त्यांचे सैन्य करणारा मांत्रिक आहे. त्याने गावे जाळली, देवळे भ्रष्ट केली, तरी खेळाडू त्याला ‘हाडक्या’ म्हणत आणि त्याचे नाव निघाले की हसत. यांना एकदा तरी आतून हलवायचे, असे ठरवून वाचकांनी एका सेशनमध्ये पेच टाकला. एका मैत्रिणीच्या पात्राचा लहान भाऊ किंवा ३०० वस्तीचे गाव, यांपैकी एकच वाचणार होते आणि निर्णयासाठी मोबाइलवर तीन मिनिटे लावली होती. गटाने गाव निवडले. मुलाच्या मृत्यूचे वर्णन वाचकांनी बराच वेळ केले. ती मैत्रीण काही न बोलता उठून घरी गेली आणि पुढच्या दोन्ही सेशनला आली नाही. गेल्या वर्षी तिचा सख्खा धाकटा भाऊ बरेच दिवस अतिदक्षता विभागात होता, हे वाचकांना माहीत होते. पण खेळ वेगळा आणि आयुष्य वेगळे, असे त्यांनी धरले होते. एक मित्र म्हणतो की ते आजवरचे सर्वोत्तम सेशन होते. बाकीचे म्हणतात, अति झाले. कॅम्पेन संपायला सहा सेशन उरली आहेत. वाचक विचारतात, “मन हेलावून टाकणारा खलनायक आणि खरा नैतिक पेच उभा कसा करायचा? आणि माझे काही चुकले का?”

उत्तर

तुमच्या पत्रातील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी आधी देते, कारण त्याला बगल देऊन पहिल्याकडे जाता येणार नाही. हो, तुमचे चुकले. दुःखाचा प्रसंग रचण्यात काही गैर नाही. ज्या कथांनी आपल्याला घडवले, त्यांत दुःख काठोकाठ भरलेले आहे. तुमची चूक ही की, तो प्रसंग जिला सोसायचा होता, तिला तुम्ही विचारले नाही. तिच्या घरी काय घडून गेले आहे, हे ठाऊक असताना विचारले नाही, म्हणून ती चूक अधिक लागली. विचारणे हा शब्द मनात ठेवा, कारण तुमच्या खलनायकाचे उत्तरही मला याच शब्दापाशी सापडते.

आता तिच्याशी बोला. गटाच्या व्हॉट्सॲपवर नको आणि सेशन सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांतही नको. भेटून किंवा फोनवर, एकटीशी बोला. ‘मला माहीत होते आणि तरी मी थांबलो नाही, माझे चुकले’ एवढे म्हणा आणि तिथे थांबा. ‘पण कथेची तशी गरज होती’ हे वाक्य कितीही जिभेवर आले तरी गिळा, कारण त्या वाक्याने माफीचे समर्थनात रूपांतर होते आणि तुमचे समाधान करण्याची जबाबदारी पुन्हा तिच्यावर पडते. आणखी एक मोह तुम्हाला होईल, तो म्हणजे पुढच्या सेशनमध्ये तिच्या पात्राचा भाऊ जिवंत सापडला असे दाखवून सारे मिटवून टाकण्याचा. तेही तिला न विचारता करू नका. ‘तो प्रसंग घडलाच नाही असे धरायचे का, भाऊ वाचला असे करायचे का, की घडले ते राहू द्यायचे आणि त्याचा उल्लेख टाळायचा?’ असे तिलाच विचारा. तिला काही काळ यायचे नसेल, तर तिची खुर्ची राखून ठेवा आणि तिच्या पात्राला कथेत मारू नका.

खेळ आणि आयुष्य वेगळे असते, हे तुमचे गृहीतक पुष्कळ डीएम बाळगतात. सोंगट्या आणि फासे यांच्यापुरते ते खरे असेलही. पण ज्या खेळात माणूस ‘मी’ म्हणून बोलतो, ‘मी दार उघडते’, ‘मी त्याचा हात धरते’, तिथे ही भिंत पातळच असते. लाइव्ह रोलप्ले करणारी, म्हणजे पात्र होऊन प्रत्यक्ष वावरत खेळणारी मंडळी या झिरपण्याला ‘ब्लीड’ म्हणतात: पात्राचे दुःख खेळाडूत उतरते आणि खेळाडूचे पात्रात. हे झिरपणे व्हावे म्हणूनच तर आपण खेळतो. म्हणून ते कोठे नको, हे आधी ठरवावे लागते. रॉन एडवर्ड्स या अमेरिकन खेळ-रचनाकारांनी रुजवलेली रेषा आणि पडदे यांची पद्धत त्यासाठी पुरेशी आहे. रेषेपलीकडचे आपल्या कथेत मुळीच येणार नाही. पडद्यामागचे कथेत घडेल, पण वर्णन न करता दृश्य बदलले जाईल. लहान मुलांचा मृत्यू, आजारपण, लैंगिक हिंसा, आत्महत्या अशा गोष्टींबद्दल प्रत्येक खेळाडूने आपापली रेषा कळवावी, कारण सांगण्याची सक्ती नसावी, आणि ही यादी कॅम्पेनच्या मध्यावरही बदलता यावी. जॉन स्टॅव्हरोपोलस यांचे एक्स-कार्ड आणखी साधे आहे: टेबलाच्या मध्ये एक कार्ड असते, कोणीही त्याला हात लावला की चालू असलेला भाग वगळून पुढे जायचे, खुलासा मागायचा नाही. तुमच्या त्या शनिवारी असे कार्ड असते, तर ती उठून गेली नसती असे मी ठामपणे म्हणणार नाही. पण बोलल्यावाचून थांबवण्याचा एक मार्ग तिच्या हाताशी असता.

यामुळे खेळ मिळमिळीत होईल, अशी भीती मला अनेक डीएम बोलून दाखवतात. माझा इतक्या वर्षांचा अनुभव उलट आहे. थांबवता येते हे ठाऊक असलेला खेळाडू खोल पाण्यात जातो. ज्याला ते ठाऊक नाही, तो काठावर विनोद करत बसतो.

इथून तुमच्या ‘हाडक्या’कडे येऊ. खेळाडू हसत होते, याचा तुम्हाला राग आला आणि त्या रागातूनच पुढचे सेशन रचले गेले, असे पत्र वाचताना मला जाणवले. त्या हसण्याकडे पुन्हा एकदा नीट पाहा. अस्थिराजाने जाळलेल्या गावांपैकी किती गावांत तुमचे खेळाडू जळण्याआधी जेवले होते? भ्रष्ट झालेल्या देवळांतल्या एखाद्या पुजाऱ्याचे नाव त्यांना आठवते का? ज्या गावाला चेहरा नाही, ते जळाले तरी ती केवळ बातमी असते, आणि बातमी आणणारा खलनायक भयंकर वाटत नाही. तुमच्यापुढे तेव्हा दोन वाटा होत्या: क्रौर्य वाढवायचे किंवा ओळख वाढवायची. तुम्ही क्रौर्य वाढवलेत. या कामात नव्याने पडणारे जवळजवळ सगळेच हे करतात, मीही केले आहे, आणि खेळाडूंच्या मनातली जी एकमेव ओळख तयार सापडते तिच्यावर, म्हणजे एखाद्या पात्राच्या आईवर किंवा भावावर, मग हात पडतो. ती ओळख तुम्ही कमावलेली नव्हती. त्या मैत्रिणीने ती आपल्या पात्रासाठी, स्वतःच्या आयुष्यातून आणली होती.

मन हेलावणारा शत्रू कसा रचला जातो, हे पाहायला आपल्याला लांब जायचे कारण नाही. कर्णाचा विचार करा. पांडवांच्या बाजूने पाहिले तर तो शत्रुपक्षातला सर्वांत धोकादायक योद्धा आहे आणि द्यूतसभेत त्याने उच्चारलेले शब्द अक्षम्य आहेत. ते शब्द महाभारत कोठेही पुसून टाकत नाही. तरी उद्योगपर्वात कृष्ण त्याला तू कुंतीचा ज्येष्ठ पुत्र आहेस, राज्य तुझे आहे, असे सांगतो, तेव्हा कर्ण नाही म्हणतो, कारण दुर्योधनाने त्याला ज्या दिवशी आपले म्हटले, त्या दिवशी दुसरे कोणी म्हटले नव्हते. त्याच्यापुढे एका बाजूला रक्त आहे, दुसऱ्या बाजूला ऋण आहे, आणि दोन्ही खरी आहेत. त्यातही कृष्णाला तो विनवतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस, कारण कळले तर तो राज्य घेणार नाही. शत्रू आपल्या शत्रूचा चांगुलपणा जाणतो आणि त्याचे ओझे स्वतःवर घेतो. पांडवांना हे युद्ध संपल्यावर, मृतांना पाणी देण्याच्या वेळी, कुंतीच्या तोंडून कळते. विजय मिळालेला असतो आणि तो हातात घेववत नाही.

या कथेतली एक बारीक जागा प्रत्येक डीएमने वाचावी असे मला मनापासून वाटते. शांतिपर्वाच्या आरंभी युधिष्ठिर नारदांना सांगतो की, सभेत कर्णाच्या कठोर शब्दांनी मला संताप येई, पण त्याच्या पावलांकडे नजर गेली की तो संताप विरून जाई, कारण ती पावले कुंतीच्या पावलांसारखी दिसत. हे साम्य का, ते मला कधी उमगले नाही, असेही तो म्हणतो. खूण तेरा वर्षांपूर्वीपासून डोळ्यांसमोर होती. म्हणून ते उशिरा कळणे फसवणूक वाटत नाही, आपल्याला दिसत होते आणि आपण पाहिले नाही असे वाटते. तुमच्या खलनायकाची पावले अशी ओळखीची वाटली पाहिजेत. शेवटच्या सेशनमध्ये एकदम ‘तो तुमचा हरवलेला काका होता’ असे सांगितले, तर खेळाडू तुमच्याकडे पाहतील. पाचव्या सेशनपासून त्या काकाची एखादी लकब, पोळीचा पहिला तुकडा बाजूला काढून ठेवण्याची सवय, खलनायकाच्या सोडलेल्या तळावर त्यांना दिसत आली असेल, तर ते एकमेकांकडे पाहतील.

तुमच्या अस्थिराजाची पावले कोणासारखी आहेत? तुम्ही पत्रात जेवढे सांगितले आहे, त्यावरून मला एक उत्तर दिसते, आणि ते तुम्हाला नव्याने शोधावेही लागणार नाही, कारण ते खेळाच्या नियमांतच आहे. तुम्ही लिहिता की कॅम्पेनच्या सुरुवातीला तुमच्या गटातला धनुर्धर लढाईत मेला आणि पुरोहित पात्राने मंत्राने त्याला परत आणले. २०१४च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे, मरून एक मिनिट व्हायच्या आत कोणाला परत आणायचे तर ३०० सुवर्णमुद्रा किमतीचे हिरे खर्च होतात. दहा दिवसांपर्यंतच्या मृताला उठवायचे तर ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा लागतो. त्याच नियमांत अकुशल मजुराची रोजची मजुरी आहे दोन रौप्यमुद्रा, आणि दहा रौप्यमुद्रांची एक सुवर्णमुद्रा होते. म्हणजे स्वस्तातला मृत्यू परतवायलाही मजुराची १५०० दिवसांची मजुरी हवी, चार वर्षांहून अधिक, तीही एक घास न खाता. या जगात मरण हे गरिबांसाठीच कायमचे आहे. खेळाडू वर्षानुवर्षे हे हिरे पिशवीत घेऊन हिंडतात आणि कोणाच्या मनात हा हिशेब येत नाही.

तो हिशेब अस्थिराजाने केलेला आहे, असे समजा. साथीच्या वर्षी शहराने वेशीची दारे लावून घेतली, तेव्हा बाहेर राहिलेल्या आजाऱ्यांजवळ थांबलेला तो एकटा वैद्य होता. एका रात्री मेलेल्या आईच्या कुशीत रडणारे मूल झोपावे म्हणून त्याने त्या आईचा हात, फक्त हात, हलवला. मूल झोपले. दुसऱ्या रात्री त्याने तिला उठवून बसवले. आज लोक स्वतःच्या पायांनी त्याच्याकडे आपली माणसे घेऊन येतात. तुमचे खेळाडू त्याला पहिल्यांदा समोरासमोर भेटतील, तेव्हा त्याने गडगडाटी हसू नये आणि लांब भाषण करू नये. त्याने धनुर्धराकडे पाहून विचारावे, “तू परत आलास ना? बरे झाले. तुमच्याकडे हिरा होता.”

एवढे पुरे आहे. पुढचे खेळाडू स्वतः बोलतील.

पण तो चुकतो कोठे, हेही तुम्हाला नेमके ठाऊक हवे, नाहीतर खलनायकाचे दुःख सांगता सांगता त्याने ज्यांना दुखावले ते विसरले जातात. इथेही नियम मदतीला येतो. मृताला उठवण्याच्या पुरोहिताच्या मंत्रात अट आहे की आत्मा परत यायला राजी असला पाहिजे; तो नको म्हणाला तर मंत्र चालत नाही. प्रेते उठवून चाकर करणाऱ्या मंत्रात अशी अट नाही, तो कोणाला विचारतच नाही. अस्थिराजाची विद्या या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे असे धरा: त्याने उठवलेली आई बोलते, ओळखते, मुलाचे केस विंचरते, पण तिला परत यायचे होते का, हे त्याने कधी विचारले नाही आणि आता विचारायला तो घाबरतो. सारे चांगले हेतू असलेल्या माणसाने एक प्रश्न टाळला आणि त्या टाळण्यावर राज्य उभारले. तुमच्या त्या शनिवारच्या चुकीशी याचे नाते तुम्हाला दिसेल. ते दिसून तुम्ही खट्टू व्हावे म्हणून मी हे लिहीत नाही. ज्याची चूक आपल्याला आतून कळते, असाच खलनायक आपण प्रामाणिकपणे चालवू शकतो, म्हणून लिहिते आहे.

वैद्यापासून अस्थिराजापर्यंतचा प्रवास पायऱ्यापायऱ्यांनी लिहून काढा. व्हिन्सेंट बेकर यांच्या २००४च्या ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ या रोलप्लेइंग खेळात गावाचा ऱ्हास रचण्याची अशीच शिडी दिली आहे: कोणाचा तरी गर्व, त्यातून अन्याय, त्यातून पाप, मग त्या पापाला योग्य ठरवणारी शिकवण, आणि शेवटच्या पायरीवर द्वेष आणि हत्या. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवरून पाहिली तर लहान वाटते. त्या खेळात डीएमला स्पष्ट सांगितलेले आहे की योग्य उत्तर आधी ठरवू नका. त्यातला आणखी एक नियम मला फार मोलाचा वाटतो: वाद हरत आलात, तर बोलण्यावरून धक्काबुक्कीवर, तिथून हाणामारीवर आणि शेवटी बंदुकीवर जाऊन तुम्ही आणखी फासे मिळवू शकता. आपले म्हणणे खरे करण्यासाठी तू समोरच्यावर गोळी झाडशील का, हे खेळाडूला दर वेळी स्वतःच्या हाताने ठरवावे लागते. पेच तिथे डीएमच्या भाषणात नसतो, खेळाडूच्या हातातल्या फाशांत असतो.

खलनायक शेवटच्या दालनात बसवून ठेवू नका. १९८३ साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी लिहिलेल्या ‘रेव्हनलॉफ्ट’ या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’साठीच्या तयार साहसातला स्ट्राड आजही आठवला जातो, त्याला हे एक मोठे कारण आहे. तो पिशाच्च सरदार खेळाडूंना वाटेत भेटतो, त्यांना जोखतो, निघून जातो. भावाच्या वाग्दत्त वधूवर त्याचे मन जडले, लग्नाच्या दिवशी त्याने भावाला मारले, तिने कड्यावरून स्वतःला झोकून दिले, आणि आता त्याच्या धुक्याने वेढलेल्या दरीत तोच चेहरा पुन्हा जन्माला येत राहतो. तो स्वतःला प्रेमिक समजतो. त्या मुलीला मात्र तो कधी माणूस म्हणून पाहत नाही, आणि तिला स्वतःचा आवाज न देता हे साहस चालवणारे डीएम नकळत स्ट्राडच्याच डोळ्यांनी तिच्याकडे पाहत असतात. तुमच्या कथेतही उठवलेल्या त्या आईला बोलू द्या. अस्थिराजाची गाठ बाजारात, एखाद्या अंत्यविधीला, साथीच्या गावात दोन दिवसांच्या तहात पडू द्या. खेळाडूंनी त्याला तिथेच मारले तर मरू द्या. त्याने उठवलेली माणसे दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच उभी असतील आणि खरा प्रश्न तेव्हाच सुरू होईल.

आता पेचाबद्दल. तुमच्या पेचात तीन मिनिटांचे घड्याळ होते, त्यामुळे खेळाडूंना विचार करायला मिळाला नाही, फक्त धसका मिळाला. दोनच वाटा होत्या आणि दोन्ही तुम्ही आधी लिहिलेल्या होत्या. शिवाय त्या दोन वाटा एकमेकींना का जोडल्या आहेत, याला खलनायकाच्या लहरीपलीकडे कारण नव्हते. अशा वेळी खेळाडूला खलनायकाचा राग येत नाही, ज्याने तो प्रसंग लिहिला त्याचा येतो. खरा पेच खेळाडूंच्या आधीच्या कृतींतून उगवतो: त्यांनी एकाला एक शब्द दिलेला असतो, दुसऱ्याला दुसरा, आणि एके दिवशी दोन्ही पाळता येत नाहीत. म्हणून मी माझ्या वहीत प्रत्येक सेशननंतर एकच गोष्ट न चुकता टिपते: आज कोणी कोणाला काय वचन दिले, आणि कोणाचे काय फुकट घेतले. दहा सेशननंतर त्या पानावरून पेच आपोआप समोर येतो.

मी चालवलेल्या एका कॅम्पेनमध्ये खेळाडूंनी एका गावच्या विहिरीचे पाणी तीन वेळा जखमांवर वापरले होते. विहिरीला पाणी लागावे म्हणून बळी दिल्याच्या कथा आपल्याकडे अनेक गावांत सांगतात. त्या विहिरीचीही तशीच कथा होती आणि काठावर दर पौर्णिमेला एक म्हातारी हिरव्या बांगड्या ठेवून जाई. पहिल्या भेटीत त्यांनी तिला विचारले नाही, दुसऱ्या भेटीतही नाही. तिसऱ्यांदा एकाने विचारले, आणि उत्तर ऐकून तो आपल्या अंगावरच्या भरलेल्या जखमांकडे पाहत राहिला. त्या रात्री कोणाला मारायचे नव्हते, घड्याळ नव्हते. खेळाडू दोन तास आपसांत बोलत बसले होते आणि मी जवळजवळ गप्प होते.

तिसरी वाट काढू पाहणाऱ्या खेळाडूंना अडवू नका, पण ती फुकटही देऊ नका. २००९च्या ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’ या व्हिडिओ गेममध्ये रेडक्लिफच्या गढीत पिशाच्चाने झपाटलेला एक मुलगा आहे. त्याला मारावे, की त्याच्या आईचे बलिदान देऊन रक्तविद्येने त्याला सोडवावे, असा प्रश्न पुढे येतो. मात्र जादूगारांच्या मनोऱ्यातून मदत आणण्याची वाटही आहे, आणि तिकडे जाऊन येईपर्यंत गढीत काहीच बिघडत नाही. हे ज्यांना कळते, त्यांच्यासाठी तो पेच पेच राहत नाही. तेवढ्या दिवसांत कोणी एक दगावले असते, तरी तिसरी वाट निवडण्यासारखीच राहिली असती, आणि ती निवडल्याचे स्मरणही राहिले असते.

हे सारे तुमच्या उरलेल्या सहा सेशनमध्ये कसे बसवायचे? पहिल्या दोनमध्ये लढाई कमी ठेवा आणि खेळाडूंना अस्थिराजाच्या वस्तीत राहू द्या. तिथे सात-आठ वर्षांची एक मुलगी आहे, ती त्यांच्यापैकी कोणाच्या तरी मागे लागते, तिची आई रात्री झोपत नाही आणि दिव्यापाशी बसून असते. मुलगी लहान आहे आणि तिच्यावर कोणते संकट येणार आहे हे आधी सर्वांना विचारून ठरवा. तुमच्या मैत्रिणीची रेषा इथे असेल तर मुलीच्या जागी म्हातारा नवरा घ्या, कथेचे काही बिघडत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या सेशनमध्ये शहराची बाजू येऊ द्या, दारे लावणाऱ्यांच्या घरांतही त्या वर्षी मेलेले होते हे दिसू द्या. अस्थिराजाची शक्ती मोडली तर उठवलेले सारे पुन्हा पडतील आणि ती टिकली तर त्यांची सुटका कधीच होणार नाही, हे त्यांना पाचव्या सेशनच्या आत स्वच्छ कळलेले असावे. शेवटासाठी राखून ठेवण्याजोगे रहस्य ते नाही. मग एखादा खेळाडू त्या आईपाशी जाऊन बसेल आणि जे अस्थिराजाने कधी विचारले नाही, ते विचारेल. ती काय म्हणेल, हे आज लिहून ठेवू नका. ज्याने विचारले आहे, त्याने तोवर तिला कसे वागवले, यावरून तिचे उत्तर तुम्हाला त्या क्षणी सुचेल. सगळ्या उठवलेल्यांचे उत्तर एकच असण्याचे कारण नाही, आणि अस्थिराजाला ते प्रश्न स्वतः विचारायला लावणे हाही एक शेवट आहे, कदाचित तुमच्या गटाला तोच सुचेल.

निर्णय झाल्यावर त्याचे जे उरते, ते दाखवायला अर्धे सेशन राखून ठेवा. तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९६५च्या एका निबंधात म्हटले होते की दोन खऱ्या कर्तव्यांपैकी एक निवडले म्हणून दुसरे नाहीसे होत नाही, त्याची खंत उरते आणि ती उरणे योग्यच आहे. खेळात ती खंत लहान गोष्टींतून दाखवावी: विंचरायला कोणी नसलेले केस, विझवायचा राहिलेला दिवा. वर्णन दोन वाक्यांत संपवा. त्या शनिवारी तुम्ही बराच वेळ बोललात. या वेळी दोन वाक्यांनंतर गप्प बसा आणि कोणीतरी बोलेपर्यंत थांबा. शेवटी फासे आवरल्यावर चहा ठेवा आणि पात्रांच्या नावांऐवजी एकमेकांच्या खऱ्या नावांनी बोला.

ज्या मित्राला ते सेशन सर्वोत्तम वाटले, त्याच्याशीही एकदा बोला. त्याला नेमके काय आवडले, हे विचारा. माझा अंदाज आहे की निवडीचे वजन आवडले, आणि ते वजन वरच्या मार्गाने त्याला पुन्हा मिळेल.

सहापैकी पहिल्या सेशनची तारीख मात्र अजून कोणाला कळवू नका. आधी तिला फोन करा.